सरावाचं आणखी एक वर्ष

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरातल्या घरात डोंगराचे बूट घालून येरझाऱ्या घालत होतो. नवे बूट पायात बसायला हवेत, रोज तासभर घालून चाला, असं आमच्या गाइडने बजावलं होतं. म्हणून गंगापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये हॉल ते स्वयंपाकघर अशी माझी मोहीम चालायची आणि खालच्या मजल्यावरचे जोशी वैतागायचे. फोन भास्करच्या मुलाचा, सागरचा होता. "काका, पप्पा गेले. दुकानात बसल्या बसल्या... दवाखान्यात न्यायला पण टाइम नाही मिळाला." मी तसाच निघून देवळ्याला गेलो. स्मशानात चपला काढायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की पायात बूट तेच आहेत. त्यांच्या नाड्या सोडायला इतका वेळ लागला की दोघं-तिघं माझ्याकडे बघत उभे राहिले.

भास्कर देवळ्याचा, कांद्याचा व्यापारी. मुलाच्या शिक्षणासाठी नाशकात घर केलं आणि मग निम्मा आठवडा इकडे, निम्मा तिकडे असं त्याचं चालायचं. मी निवृत्त शिक्षक, भौतिकशास्त्राचा. पाच वर्षांपूर्वी सुनंदा गेली, मुलगी बंगळुरूला असते. सकाळी फिरायला जायचो आणि फिरायचं सोडून जॉगिंग ट्रॅकच्या बाकावर बसायचो. एके दिवशी हा धिप्पाड माणूस समोर येऊन उभा राहिला. "मास्तर, रोज पाहतो मी. कोणाची वाट पाहता?" म्हटलं, कोणाची नाही. "मग उठा की. मलाबी सोबत नाय." पुढच्या रविवारी त्याने मला रामशेज किल्ल्यावर नेलं. अर्ध्या वाटेत मी धापा टाकत बसलो, तेव्हा त्याने आपलं गुपित सांगितलं. घरच्यांबरोबर लडाखला गेला असताना त्याने बर्फाच्या डोंगरावरून माणसं दोराला बांधून उतरताना पाहिली होती. चौकशी केली तर कळलं, शिखर सहा हजार मीटरचं, पण गाइड नेतो, आणि तयारी असेल तर साठीतली माणसंही जातात. "मास्तर, लय मनात हाय. पण एकट्याने नाय जमायचं."

अशी आमची तयारी सुरू झाली. लेहचा नोरबू आमचा गाइड. महिन्यातून एकदा तो व्हिडिओ कॉलवर आमची हजेरी घ्यायचा. पाठीवर वजन घेऊन चढायचं, हा त्याचा पहिला धडा. भास्करच्या हाताशी वजन एकच होतं, कांदे. माझ्या सॅकमध्ये आठ किलो, त्याच्यात बारा. गडावर पोचलो की देवळापाशी सरबत विकणाऱ्या मावशींच्या पुढ्यात दोन्ही सॅक ओतायच्या, सरबत प्यायचं आणि मोकळ्या पाठीने उड्या मारत खाली यायचं. दीड वर्ष आम्ही हा उद्योग केला आणि स्वतःवर जाम खूश होतो. मग एकदा नोरबूने सहज विचारलं, "नीचे आते टाइम कितना वज़न रहता है?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नोरबूने कपाळाला हात लावला. डोंगरावर माणसं पडतात ती बहुतेक उतरताना, म्हणाला, आणि तुम्ही उतरायला शिकलाच नाहीत. पुढच्या रविवारपासून कांदे वर जाऊन परत खाली येऊ लागले. मावशी पहिल्या दिवशी बघतच राहिल्या. "का हो भाऊ, आमचा कांदा माघारी चालला का?" भास्कर इतका शरमला, की पुढच्या खेपेला त्याने त्यांच्यासाठी वेगळी पिशवी आणली आणि तीसुद्धा माझ्याच पाठीवर दिली.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला तीन आठवडे लागले. मागच्या वर्षी उन्हाळ्यात नोरबू म्हणाला, तुम्ही तयार आहात, ऑगस्टमध्ये या. डॉक्टरांचे दाखले दोघांचेही झाले होते. भास्करने तिथल्या तिथे माझ्या पाठीत धपाटा घातला. आणि मी म्हणालो, नको, माझा गुडघा अजून भरवशाचा नाही, आणखी एक वर्ष सराव करू. गुडघा ठणठणीत होता. मला त्या शिखराची ओढ कधीच नव्हती. मला रविवार हवा होता. शनिवारी संध्याकाळी येणारा त्याचा फोन, "किती वाजता येऊ मास्तर?" हा ठरलेलाच प्रश्न, सॅक भरताना त्याची बडबड... शिखर झालं की हे सगळं संपणार, याची मला भीती वाटत होती. भास्करने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं. पुढच्या साली." त्याने पुन्हा कधी विषय काढला नाही. त्याच्याजवळ ते वर्ष नव्हतं. माझ्याजवळ होतं, आणि ते मी त्याच्या हौसेतून काढून घेतलं. हे कोणाशी बोलायचं, तर बोलायला तोच होता.

भास्करचे दिवस झाल्यावर मी नोरबूला फोन केला. यंदाच्या ऑगस्टसाठी दिलेली आमची दोन्ही नावं काढ म्हणायचं ठरवलं होतं. बातमी सांगितली, आणि कोण जाणे का, गुडघ्याचंही खरं सांगून टाकलं. मग तो म्हणाला, "सर, उनको पता था. उसी दिन मुझे अलग से फोन किया. बोले, मास्तर को तैयारी में ही अच्छा लगता है, घर में अकेला है, एक साल और करने दो." वर्षभर हा माणूस सगळं माहीत असूनही दर रविवारी माझ्या धडधाकट गुडघ्याची चौकशी करत होता, उतरताना हात पुढे करत होता.

नाव काढायचं राहूनच गेलं. शेवटी नोरबूनेच जरा चाचरत विचारलं, "तो सर, ऑगस्ट में... टेंट सिंगल कर दूँ?"

"नहीं," म्हणालो. "दो का ही रखो."

"साथ में कौन आएगा, सर?"

"कोई नहीं."