प्रश्न बाबांचे, उत्तरं आईची

माझ्या बाबांना फक्त प्रश्न पाठ होते. उत्तरं सगळी आईकडे.

आज सकाळी आई गेली.

खरं लिहितो. रडू येतंय, पण त्यापेक्षा हायसं जास्त वाटतंय. महिनाभर फार सोसलं तिनं.

आता आईबाबांचं लग्न ठरल्याचा तो किस्सा. नातेवाईक तो चुकीचा सांगतात. मी मोटर रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरला नवी तार गुंडाळणं, कोणाच्या हाताखाली न जाता शिकलो. तारेचा एक वेढा चुकलेला मला चालत नाही. आईला खोदून खोदून विचारलंय, म्हणून माझं व्हर्जन फायनल.

काळ पन्नासच्या दशकातला. साल आईला नक्की आठवायचं नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

पुलगावात आमची लुथेरन ख्रिस्ती मंडळी म्हणजे मोजकी घरं. बहुतेक सगळे मिलमध्ये. बाबा समुद्रपूरकडून नवीनच कामाला आलेले.

पाळकसाहेब बाहेरगावचे, महिन्यातून एकदा यायचे. मधल्या शनिवारी मंडळी आपली आपणच अभ्यास करायची. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन. सगळं प्रश्नोत्तरांत.

पद्धत मंडळीनंच पाडली. पुरुष बाकावर, त्यांनी विचारायचं. बायका समोर अंथरलेल्या दरीवर, त्यांनी उत्तर द्यायचं.

सगळ्यात मोठा आवाज बाबांचा.

कारण त्या खोलीत तरण्या पोरानं तरण्या पोरीशी बोलायचा दुसरा रस्ताच नव्हता!

आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, ध्यानात आलं. त्यांनी अट घातली. "पहिले दृढीकरण होऊ दे. मंग पोरीचं पाहू."

दृढीकरण म्हणजे अख्ख्या मंडळीसमोर तोंडी परीक्षा. पास झालात तर प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेता येतो. बाबांच्या बाबतीत, पास झाले तर आई.

रविवार उजाडला. पाळकसाहेबांनी विचारलं, "बाप्तिस्मा म्हणजे काय?"

बाबा ताठ उभे राहिले. खणखणीत आवाजात म्हणाले,

"बाप्तिस्म्यानं काय लाभ होतो?"

पाळकसाहेब हसले. "अहो, मी विचारतोय. बाप्तिस्मा म्हणजे काय?"

"नुसत्या पाण्यानं एवढं कसं होतं?"

पुस्तकातल्या प्रश्नांचा क्रम मात्र एकदम करेक्ट.

दरीवर बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आजोबा उठले. "याले कायीच येत नाई. चाला घरी."

नातेवाईक म्हणतात, बाबा पळून गेले. साफ खोटं. ते जागेवरच उभे होते. कान लाल, मान खाली.

तेव्हा आई उठली. कधी चारचौघांत न बोललेली.

"त्यायले काऊन बोलता, बाबा? आमीच असे शिकलो. ते इचारते, आमी सांगतो. मले इचाराले लावा, मले बी नाई येत."

पाळकसाहेबांनी खरंच लावलं. आईला एक प्रश्न धड विचारता आला नाही. दरीवरचं हसणं बंद. सगळ्या मंडळीनं अर्धा अर्धाच धर्म पाठ केला होता!

"पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा," पाळकसाहेब म्हणाले. "आणि आता बाजू बदला. बायका विचारतील."

चार घरांतल्या बायकांना जन्मात पहिल्यांदा पुरुषांना जाब विचारायला मिळाला. महिनाभर एकाही मिलवाल्याला त्यांनी सोडलं नाही.

पुढच्या परीक्षेत पाळकसाहेबांनी विचारायला आईलाच उभं केलं. तिनं प्रभूच्या प्रार्थनेतला शेवटचा प्रश्न काढला.

"आमेन म्हंजे काय?"

"होय. हे असंच होईल," बाबा म्हणाले. आणि उभेच राहिले.

"बरोबर हाये," आई म्हणाली. "बसा खाली."

आजोबासुद्धा हसले. लग्न ठरलं.

नंतर आयुष्यभर आई टोमणा मारायची, "समोर बसून सगळी उत्तरं सांगत होतो आमी. पन हे आयकत कुठी होते? पाहून राह्यले होते!"

दोघांची घरात रोज चालणारी ती प्रश्नोत्तरं बाबा गेल्यावर बंद पडली.

काल दुपारी मी पाण्याचा ग्लास घेऊन खाटेशी उभा होतो. चार दिवस तिनं कोणाला ओळखलं नव्हतं. एकदम माझ्याकडे बघून म्हणाली,

"आमेन म्हंजे काय?"

उत्तर मला येत होतं.

"होय. हे असंच होईल."

"बरोबर हाये," आई म्हणाली. "बसा खाली."

मला तिनं आयुष्यात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ते फक्त बाबांना.

मी बसलो. तिनं डोळे मिटले. कपाळावरची आठी महिन्याभरात पहिल्यांदा गेली होती.

आज सकाळी आई प्रभूमध्ये निजली.

जा आई. तिकडे बाबा उभेच असतील. त्यांना बसायला सांग.

आमेन.