बायकोचा पहिला उपग्रह

लग्नानंतरचे माझे बहुतेक रविवार हौशी रेडिओच्या पायी गेले. माझे गेले म्हणतो, पण ते बायकोचेही गेले, आणि तिने एकदाही तसं बोलून दाखवलं नाही, याचंच मला जास्त लागतं. मी सकाळी पिशवीत वायर, बॅटरी आणि सेट भरून एखादं टेकाड गाठायचो, झाडाला तार टांगायचो, कुठल्याशा देशातल्या अनोळखी माणसाला ‘तुमचा आवाज छान येतोय’ असं सांगायचो आणि उन्हात भाजून डोंबिवलीला परत यायचो.

“काय म्हणाला?” ती विचारायची.

“माझाही आवाज छान येतोय म्हणाला.”

“बरं,” म्हणून ती कुकर लावायला जायची.

त्यामुळे हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा आपण देतो असं ती स्वतःहून म्हणाली तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी संशय आला. ही माझ्यावर दया तर करत नाही? मी तसं विचारलंही. ती म्हणाली, “दया कसली? एवढं काय आहे त्यात ते बघू तरी.” ती पास झाली. परवाना आला, हवेत ओळख सांगायचं स्वतःचं अक्षरी नाव, म्हणजे कॉलसाईन आलं, आणि दोन्ही कपाटात जाऊन बसले. मी मागे लागलो, मागे लागलो म्हणून वाईट वाटून घेतलं, आणि पुन्हा मागे लागलो. शेवटी तिने जाहीर केलं, “एक रविवार देते. त्या दिवशी माझं कोणाशी तरी नीट बोलणं झालं, तर पुढचं बघू. नाही झालं तर हा विषय बंद. कायमचा.”

एकच रविवार. शहाण्या माणसाने तिला टेकडीवरच्या रिपीटरवर, म्हणजे जवळपासचे आवाज उचलून पुढे पोचवणाऱ्या केंद्रावर, नेलं असतं, जिथे ठाण्या-कल्याणची ओळखीची मंडळी तिच्याशी बोलायला रांग लावून उभी होती. मी उपग्रह निवडला. आकाशातून हातभर डब्याने तिचा आवाज उचलावा आणि समुद्रापार टाकावा, असं मला वाटलं. हाव, दुसरं काय.

गांधारीचा पूल ओलांडला की नदीकडेला मोकळं रान आहे. तिथे आम्ही चौघं जमलो. आम्ही दोघं, आमच्या क्लबचा सेक्रेटरी, जो वर्तकनगरहून स्कूटरवर आला होता, आणि मोहने गावात राहणारे काका, कारखान्यातून निवृत्त झालेले, क्लबमध्ये सगळ्यांत जुने. अँटेना काकांनी घरी केली होती. प्लंबिंगचा पाइप आणि त्याला आडवे लावलेले सुताराच्या मोजपट्टीचे पिवळे तुकडे. ती हातात धरून उपग्रह जाईल तसतशी आकाशात फिरवायची. नदीकडच्या भाजीच्या मळ्यातून एक म्हातारी आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, “काय पकरताव, पाखरा?”

“उपग्रह, आजी.”

“मंग पकरा,” म्हणून ती बांधावर बसलीच.

उपग्रह दहा-बारा मिनिटं डोक्यावर असतो. तेवढ्यात सगळ्या देशांतले लोक त्याच एका डब्यातून बोलू बघतात. आमच्याकडे दोन सेट होते. एकात ती बोलणार, दुसऱ्यात आम्ही ऐकणार. फोनवरच्या नकाशात ठिपका वर आला, मी अँटेना उचलली आणि दुसऱ्या सेटमधून माणसं फुटली! रशियन वळणाचं इंग्रजी, श्रीलंकेचं इंग्रजी, कोणीतरी नुसताच हॅलो हॅलो. बायकोने छातीवर हात ठेवला.

“बोल!” मी ओरडलो.

ती बोलली. काहीच परत आलं नाही. पुन्हा बोलली. वरून आपलाच आवाज परत यायला हवा, तोसुद्धा नाही. “वहिनी, जरा जोरात,” सेक्रेटरी म्हणाला. ती जोरात बोलली. म्हातारीने बांधावरून “ओ!” दिली. उपग्रहाने नाही दिली.

मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. “टोन लावलायस का रे?”

या उपग्रहाला हाक मारताना आवाजासोबत एक बारीकसा घुमारा सोडावा लागतो. कानाला तो कळत नाही, सेटच सोडतो, पण आधी चालू करून ठेवावा लागतो. तो नसेल तर उपग्रह ढिम्म राहतो. शनिवारी स्थानिक गप्पांसाठी मी तो काढला होता आणि परत लावला नव्हता. एका हाताने अँटेना सांभाळत मी कशीबशी ती सेटिंग केली.

तिने पुन्हा हाक दिली आणि या वेळी तिचाच आवाज आकाशातून खाली आला. ती किंचाळली, तेही वर जाऊन खाली आलं. लगेच कोणीतरी तिच्या कॉलसाईनची पहिली तीन अक्षरं उच्चारली, आणि उपग्रह कल्याणच्या टॉवरांमागे बुडाला. खरखर.

“झालं! वहिनी, पेढे!” सेक्रेटरीने हात वर केले.

“नाही झालं,” मी म्हणालो.

का म्हणालो? आमच्यात रीत आहे. दोघांनी एकमेकांचं पूर्ण कॉलसाईन ऐकायचं, आवाज कसा येतोय ते सांगायचं, पोचलं असं म्हणायचं. तरच तो संपर्क. तपासायला कोणी येत नाही, सगळं ज्याच्या त्याच्या मनावर असतं, म्हणून माझ्याच्याने खोटं बोलवेना.

बायको माझ्याकडे वळली. “ते बटण तुम्ही विसरलात ना?”

“हो.”

“आणि झालं नाही, हेही तुम्हीच सांगताय?”

“हो.”

काकांनी कपाळाला हात लावला. “याच्याशी लग्न कसं केलंस गं तू?”

“पत्रिका जुळली होती, काका.”

पुढचा फेरा दीडेक तासाने होता. ती आता रिक्षा बघेल असं मला वाटलं, मी पिशवीही आवरायला घेतली. ती मात्र वर्तमानपत्र पसरून बसली, पोळी-भाजीचा डबा उघडला आणि घास गिळून म्हणाली, “त्या माणसाला माझी तीन अक्षरं कळली. बाकीची का नाही कळणार?” मग ती पोळीचा तुकडा माइकसारखा धरून सराव करू लागली. सेक्रेटरी रशियन झाला, काका श्रीलंका झाले. टोन लावलेला आहे ना, हे मी इतक्या वेळा पाहिलं की काकांनी सेट काढूनच घेतला.

दुसऱ्या वेळी उपग्रह पश्चिमेकडून, मोकळ्या बाजूने आला. तिने एकदाच हाक दिली. मस्कतहून एक पुरुषी आवाज आला, तिचं कॉलसाईन पूर्ण म्हणाला, आवाज उत्तम आहे म्हणाला. तिने त्याचं कॉलसाईन म्हटलं, त्याचाही आवाज उत्तम म्हटलं. झालं! आता निरोप घेऊन बाजूला व्हायचं असतं, अर्धा आशिया खोळंबलेला असतो. पण ती इतकी हरखली होती की तिच्या तोंडून मराठीच आलं.

“चहा झाला का?”

मी मनातल्या मनात ताश्कंदपर्यंत सगळ्यांची माफी मागितली. मग मस्कतहून उत्तर आलं, “झाला, झाला! तुमचा?”

काका खालीच बसले. सेक्रेटरी गोल गोल फिरत होता. म्हातारी कोणाला काही न विचारता टाळ्या वाजवू लागली. हसून माझा हात हलला, मोजपट्ट्या थरथरल्या, आवाज तुटायला लागला.

“अहो, सरळ धरा!” बायको ओरडली. “कोलंबो बोलावतंय मला!”

कोलंबो झालं. मग आणखी कोणी आलं, त्याचं कॉलसाईन पूर्ण ऐकूच आलं नाही, म्हणून तो तिने स्वतःहून सोडून दिला. “पूर्ण नाही झालं,” ती मला म्हणाली, अगदी कडक. सेक्रेटरी सेटसाठी हात पुढे करून उभा होता. उपग्रह मावळेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

घामाने निथळत मी अँटेना खाली ठेवली. तिने माझा फोन घेतला, नकाशा पुढे सरकवला आणि म्हणाली, “उद्या सकाळी आहे. चांगला वर येतोय.”

“उद्या सोमवार आहे,” मी म्हणालो. “ऑफिसला काय सांगायचं? बरं नाही असं सांगायला मला...”

“खरंच सांगायचं,” ती म्हणाली आणि तिथेच उभ्या उभ्या स्वतःच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला. “सर, उद्या मी उशिरा येईन. उपग्रह आहे.”