हिराआत्याच्या हातचं

हिराआत्या माझे हात हुंगायची. मी बाहेरून घरात पाऊल टाकलं, की ती चुलीपुढून उठून यायची, माझे दोन्ही तळवे उघडायला लावायची आणि नाकाशी नेऊन डोळे मिटायची. मग नखांच्या आत पाहायची. "आ कर," म्हणायची. मी तोंड उघडायची, तिथंही वास घ्यायची. बिस्किटाचा वास आपल्याला दहा पावलांवरून येतो असं तिचं म्हणणं होतं. माझ्या हातांना कैरीचा वास असे, मातीचा असे, कधी शेजारच्या शेळीचा. तेवढ्यानं तिचा जीव भांड्यात पडे आणि ती परत चुलीकडं जाई. मला रडू यायचं, पण मी कुणापुढं रडत नसे.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि जेमतेम सहा-सात वर्षांची दिसत होते. पोट पुढं आलेलं, हातपाय काड्या, केस विंचरले की फणी भरून जायची. काही खाल्लं की पोटात कळ उठे. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात बारीक नळीच्या टोकाला लावलेली एक डबी मला गिळायला लावली, आतड्याचा कण काढून तपासला आणि डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, सीलिएक. गव्हात जो चिकट अंश असतो तो माझ्या आतड्याला सोसत नाही. आतली लव झडून जाते आणि मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही. गहू जन्मभर बंद करायचा, एवढाच इलाज. "म्हणजे चपाती बंद?" आईनं विचारलं. "चपाती, पाव, बिस्किट, रवा, मैदा, शेवया," डॉक्टर म्हणाले. "कणभरही नाही."

आई आणि बाबा दोघंही नोकरीला जात. आमच्या दोन खोल्यांच्या घरात एकाच ओट्यावर कणीक मळली जायची, त्यावरच माझा भात निवत पडायचा. बाबांची धाकटी बहीण हिराआत्या मला पाहायला आली ती खालापूरहून, एसटीनं. दारातच तिनं मला पाहिलं आणि ती उंबऱ्यावरच बसली. पाणी प्यायला तयार होईना. मग म्हणाली, "दादा, हिला मी नेते. आमच्याकडं गहू उगवतच नाय." माझ्या कॉन्व्हेंट शाळेचं काय, असं आई म्हणाली. आत्या म्हणाली, "शाळा कुटं पळून जातीय? पोर जातीय."

त्यांचं घर साजगावच्या पलीकडं होतं. आत्याचे यजमान, म्हणजे काका, तिथल्या एका कारखान्यात पाळीवर जात. घरापुढं भाताची दोन खाचरं, मागं शेवग्याचं झाड, आतल्या भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि तिच्याखाली एका लहान मुलाचा फोटो. हा मिलिंद, आत्याचा एकुलता एक मुलगा. तो चार वर्षांचा होऊन गेला. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. घरात त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे.

आत्या उंच, वाळकी बाई होती आणि तिला सगळ्याची भीती वाटायची. विहिरीच्या काठाची, विंचवाची, कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला तर त्याची. काका थट्टा करायचे, "हिच्या सावलीला सोबत लागते." ती चिडायची नाही. "भ्यालेलं मानूस जपून ऱ्हातं," म्हणायची. "न भिनाऱ्याचं वाटोळं व्हतं, दुसऱ्याचं पन करतं." तिकडं गहू उगवत नसला तरी रेशनवर गहूच मिळायचा. तिनं तो घेणं बंद केलं. गिरणीत गव्हावर तांदूळ दळतात म्हणून माझं पीठ ती घरी जात्यावर दळायची. आधी त्या जात्याचे दोन्ही दगड टाकी मारून खरवडून घेतले, मग त्यावर तांदूळ भरडून ते फेकून दिले, मग कुठं माझं पीठ. तांदळाची भाकरी, नाचणीची आंबील, भात, वरण. ती समोर बसायची आणि प्रत्येक घास आत जाताना बघायची. माझ्याबरोबर तिच्याही गळ्याची हालचाल व्हायची.

एकदा तिनं मला रोगाचं नाव पुन्हा सांगायला लावलं.

"सीलिएक," मी म्हणाले.

"आन ते कशानं व्हतं?"

"गव्हानं."

तिनं तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि मिलिंदच्या फोटोकडं पाहिलं. "त्याचं पन पोट असंच व्हतं," मग म्हणाली. "डाक्टर बोलला, ताकद येऊ द्या, खायला घाला. दुधात बिस्किट भिजवून द्यायची मी. दुसरं काय मागायचाच नाय." तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलावं असं तिला वाटत होतं. मला तेव्हा मराठी सुचायचं नाही, आणि इंग्रजीतही काय बोलले असते कुणास ठाऊक. मी सुपातल्या तांदळाकडं पाहत राहिले.

वैशाख पौर्णिमेला विहारात खीर असायची, तांदळाचीच. तरी आत्या सकाळपासून पातेल्याशेजारी उभी. ढवळणाऱ्या बाईनं शेजारच्या गव्हाच्या लापशीतला डाव उचलला तशी हिनं तिचं मनगटच धरलं.

"अगं हिरा, पहारा कसला देतीस? इष घालतोय का आमी?"

"तुला नाय गं, हिला इषच हाय ते."

"आमच्या पोरांनी काय गहू खाल्ला नाय? मेली का?"

बायका हसल्या. आत्या हसली नाही. मी तिच्या लुगड्याआड सरकले. सगळ्यांच्या नजरा माझ्या पोटाकडं होत्या आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

आणि इतकं करूनही मी बरी होत नव्हते.

पहिले काही आठवडे बरे गेले, मग पोट पुन्हा फुगू लागलं. मुंबईला दाखवायला नेलं तेव्हा वजन आधीपेक्षा कमी भरलं. डॉक्टरांनी मला एकटीला आत ठेवून इंग्रजीत विचारलं, चोरून काय खातेस? मी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नाही. बाहेर येऊन आत्याला म्हणाले, "मुलगी लबाडी करतेय. असंच चाललं तर पुढच्या खेपेला भरती करावी लागेल, आणि मग मी काही सांगू शकत नाही." परतीच्या एसटीत आत्यानं माझा हात सोडला नाही. हात हुंगणं सुरू झालं ते दुसऱ्या दिवसापासून.

मी चोरून काही खाल्लं नव्हतं. पण ते सांगायचं कसं? मी रात्रंदिवस भीत होते. मरणाला भीत होते, आणि त्याहून जास्त, आपण मेलो तरी आपण लबाडच होतो असं सगळ्यांना वाटेल, याला. एका सकाळी तिनं माझे हात हुंगले, सोडले, पुन्हा धरले आणि एकदम म्हणाली, "तू नाय खात."

"नाही," मी म्हणाले.

"मंग घरातच हाय काय तरी."

त्या दिवसापासून तिची भीती घराकडं वळली. तिनं तवा बदलला, पाटा घासला, मिरच्या स्वतः कांडल्या, हळद स्वतः कुटली. डबे उन्हात मांडले. एक-एक जिन्नस आठवडाभर बंद करून ती माझं पोट चाचपून बघायची. उपयोग होईना. आणि पोट फुगतं म्हणून, आपल्याकडं पोटदुखीला जे औषध देतात ते मात्र तिनं बंद केलं नाही. सकाळी ओवा आणि हिंगाचं पाणी, दुपारी ताकात हिंग, संध्याकाळी वरणात हिंग. सुटा हिंग भेसळीचा असतो म्हणून खास माझ्यासाठी डबीबंद, चांगल्यातला आणला होता. पोट जास्त फुगलं की चिमूट मोठी व्हायची.

डबी संपली म्हणून आम्ही खालापूरच्या बाजारात गेलो. दुकानदार एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. आत्याला आता प्रत्येक वस्तूबद्दल विचारायची सवयच लागली होती. चाचांनी डबी पुढं सरकवली तशी ती म्हणाली, "चाचा, ह्यात काय काय असतं?"

"हिंग असतो. हिंगाच्या डबीत काय गूळ असेल?"

"नुसता हिंग?"

"नुसता हिंग खाशील तर कानातून धूर निघंल, बाई. दगडासारखा खडा असतो तो, दुकान सोडून पळशील असा वास. डिंकात न मैद्यात बांधतात त्याला, तवा अशी पूड व्हते."

"मैद्यात?"

"सगलेच बांधतात. भेसळ नाय ती, रीतच हाय तशी."

"मैदा म्हंजे गव्हाचाच?"

"मंग काय चुन्याचा?" चाचा हसले. मग आत्याचा चेहरा बघून हसायचे थांबले. "काय झालं गं? बस, पानी आन रे कुनी तरी!"

ती बसली नाही. डबी फळीवर ठेवून, मला घेऊन ती चालू लागली. घर येईपर्यंत तिनं मला हात लावला नाही. मी तिचा पदर धरायला गेले, तो तिनं ओढून घेतला.

घरी आल्यावर काकांना म्हणाली, "दादाला निरोप धाडा. पोरीला घेऊन जावा म्हनावं."

"आता कळलंय ना कशानं व्हतं? मंग आता कशाला?"

"एक गेलं माझ्या हातानं. दुसऱ्याला बी मीच चारत व्हते. भरवत व्हते, समोर बसून!"

तिनं चूल पेटवली नाही. शेजारच्या काकूंनी माझ्यासाठी भात पाठवला. मी ताटलीकडं पाहिलं. कोणत्या डावानं वाढला असेल? त्यांच्या हाताला काय लागलं असेल? मला खरोखर घाम फुटला. इतके महिने मी तिच्या भीतीच्या आतच सुरक्षित होते, हे मला तेव्हा समजलं. मी ताटली दूर सारली. दुसऱ्या दिवशी सकाळीही सारली.

"खा गं बाय," काका विनवत होते. "चांगला भात हाय."

"आत्यानं केला तरच," मी म्हणाले. एवढं मोठ्यानं मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

"माझ्या हातचं खाऊ नगंस!" ती आतून ओरडली.

"मग मी नाही खात."

पुढं मी बरी झाले. हिंग सुटला आणि दोन-तीन महिन्यांत पोट उतरलं, गालांवर मांस आलं, खाचराच्या बांधावरून मी पळू लागले. वर्षभरानं मुंबईला परतले, शाळा पुरी केली, कॉलेज केलं. आजही मी गव्हाचा कण खात नाही आणि परक्या घरच्या ताटासमोर माझे हात गार पडतात. हिराआत्या मागच्या वर्षी गेली, झोपेतच. तिला शेवटचं भेटले तेव्हाही ती काकांना सांगत होती, विहिरीवर पोरांना जाऊ देऊ नका. ती बदलली नव्हती. आणि तिनं बदलावं असं मला वाटतही नव्हतं.

पण तिची आठवण निघाली, की मला त्या दिवशीची दुपार दिसते. मी दोन वेळची उपाशी, दाराशी बसलेली. ती अखेर उठली. हात कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले. तांदूळ, पाणी आणि मीठ, बाकी कशालाही ती शिवली नाही. भात शिजवून तिनं माझ्यापुढं ठेवला, पण वाढून झाल्यावर हात मागं लपवला. मी ताटलीला हात लावला नाही. तशी ती खाली बसली, भात कालवला आणि पहिला घास माझ्या तोंडाशी आणला. अर्धी शितं माझ्या फ्रॉकवर सांडली. मी तोंड उघडलं.

मग ती वाट बघत बसली. ऊन ओटीवरून अंगणात उतरलं तरी ती हलली नाही.

"दुखतंय?"

दुखत होतं. आतडं एका दुपारीत भरून येत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, आता संपलं.

"नाही," मी म्हणाले.

तिनं माझ्या पोटावर तळवा ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. माझ्यावर तिचा विश्वास बसला नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण दुसऱ्या हातानं तिनं पातेलं जवळ ओढलं.

"आनखी घे," ती म्हणाली.