विमान उतरवायची शेवटची संध्याकाळ
परवा इंजेक्शनआधी नर्सनं दंडाला स्पिरिट लावलं आणि त्या वासानं मला देवबागच्या आमच्या पडवीत नेलं. पदवी घेऊन मी नुकताच शाळेत शिकवू लागलो होतो. जहाजावर नोकरीला असलेल्या मित्राचा छोटा कॉम्प्युटर महिनाभर माझ्याकडे होता. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसायचं आणि कॅसेटवरून विमानाचा खेळ कॉम्प्युटरमध्ये चढेपर्यंत थांबायचं. शिकवून दमलेला मी रोज बसायचो आणि रोज उतरताना विमान आपटायचं. महिना संपत आला, दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर परत जाणार होता. त्या संध्याकाळीही धावपट्टी तिरकी आली, तरी मी विमान खाली रेटत होतो. मागे जाळं सांधत बसलेले बाबा म्हणाले, “इतकी घाय कसली रे? खाडीच्या मुखात लाट आसली काय आमी व्हडी भायरच फिरवतंव. घे वर, मार एक फेरो.” मी वर घेतलं. फेरी अर्धी झाली आणि लाइट गेली. मी डोकं धरून बसलो. “फुटला नाय मा?” बाबांनी विचारलं. “नाय.” “मगे बरा झाला.” आता माझ्या घरी तीन पडद्यांवर विमान रोज सुखरूप उतरतं, बाबांनी बरं म्हटलेलं मात्र ते एकच, हवेत राहिलेलं.