मुन्शीजींची खीर

आमचे मुन्शीजी शब्द बोलण्याआधी तो तोंडात घोळवायचे. डोळे मिटायचे, जरा थांबायचे, मगच उच्चारायचे. तुम्ही नातवंडं पत्रात ओळीओळीला 'मजा आली' लिहिता, तेव्हा मला ते आठवतात. आता लिहितानाही दमायला होतं, तरी हे एवढं लिहून ठेवते.

जालन्यात तेव्हा निजामाचं राज्य होतं. कचेरीची भाषा उर्दू, म्हणून वडिलांनी आम्हा भावंडांसाठी मुन्शीजींना ठेवलं. ते ओसरीच्या कडेला बसून शिकवायचे. त्यांचा चहाचा कप वेगळा, बाहेरच्या कोनाड्यातला. चहा झाला की तो स्वतः विसळून पालथा घालायचे. कुणाला त्यांना तसं कधी सांगावं लागलं नाही.

एकदा मी विचारलं, "मुन्शीजी, मजा कुठला शब्द?"

"फारसी. तिकडं मजा म्हणजे चव, बेटी. आधी जिभेवर, मंग बाकी दुनियेत. चाखल्याबिगर मजा आली म्हणणं बिलकुल झूट."

त्या ईदेला त्यांनी शेवयांची खीर आणली. आईनं हसून वाटी घेतली आणि त्यांची पाठ वळताच मला म्हणाली, "गाईला घाल." मी घातली. वाटी घासून ठेवली. दुसऱ्या दिवशी ते बसतात न बसतात तोच मी वाटी त्यांच्यापुढे ठेवून म्हणाले, "खीर खाताना खूप मजा आली. फार गोड होती."

मुन्शीजी वाटीकडे बघत राहिले.

"बीबी साखर घालायचीच विसरली होती," ते म्हणाले. "माफी मागाया जल्दी आल्तो." मग पुस्तक उघडलं. "चला, धडा काढा."

रागावले नाहीत. पुढे पाच वर्षं शिकवलं, पण पुन्हा काही आणलं नाही.

निजामी संपली आणि ते मुलाकडे हैदराबादला निघाले. निरोपाचा चहा झाला. आईवडील दारात उभे होते. मी हात पुढे केला. "मुन्शीजी, खिशात काही खायला असेल तर द्या."

"फुटाणे हायेत. नरम पडलेत, बेटी."

"अगं!" आई म्हणाली. तोवर मी ते तोंडात टाकले होते.

"कैसे हैं?"

"नरम आहेत. खारट. एक खवट निघाला."

मुन्शीजींनी डोळे मिटले, जरा थांबले. "बराबर," म्हणाले.

मग सवयीनं कप विसळला, पालथा घातला आणि गेले.