मारामारीला सोळा बिट

"काय करायचंय? मारायचंय, पळायचंय, का गाडी चालवायचीय?"

आत येणाऱ्या प्रत्येकाला मावशी हे विचारायची. उत्तर मिळेपर्यंत दाराच्या चौकटीवर आडवा धरलेला हात काढायची नाही. कोणी म्हणालं, "कुठलंही चालेल," की ती त्याला बाहेरच्या बाकावर बसवायची. "ठरव, मंग ये. कुठलंबी चालेल असं मशीन माज्याकडं नाय."

नव्वदच्या दशकात पनवेलच्या एसटी स्टँडामागच्या गल्लीत तुमचं जाणं-येणं असेल, तर तुम्ही तिला पाहिलं असेलच. पंचेचाळिशीची, आडव्या बांध्याची बाई. कासोट्याचं लुगडं, आणि कमरेला खोचलेला स्क्रू-ड्रायव्हर. व्हिडिओ गेमचा तो गाळा तिचा होता. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान त्याला लागूनच. मधे विटांची एकच भिंत, त्यामुळे दिवसभर माझ्या कानावर तिकडच्या ठोशांचे, गोळ्यांचे आणि किंकाळ्यांचे आवाज असायचे.

ती उरणकडच्या कोळ्यांची. आधी पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. डावं मनगट मोडलं, ते वाकडंच बसलं, मासळी कापताना हात थरथरायला लागला, तेव्हा तिच्या भावानं तिला हा गाळा घेऊन दिला. भाऊ बंदरात कामाला होता. बोटींवरच्या परदेशी खलाशांकडून वापरलेली मशीन तो मिळवायचा. अशी चार मशीन जमली. दोन आठ बिटची, एक सोळा बिटचं, आणि शेवटी आलेलं सीडीचं. बिट जास्त, तेवढं मशीन नवं, असा हिशोब.

मला वाटायचं, नवं मशीन आलं की जुनं अडगळीत टाकावं. मी तसं तिला सांगितलंही. "मावशी, सीडीवाल्याचं चित्र बघ. घामाचा थेंबसुद्धा दिसतो. मारामारीची गेम त्याच्यावर लाव."

"मेकॅनिक," ती म्हणाली, "तू चित्र बघतंस. खेळत नायस. बस इथं."

तिनं मला आधी सीडीच्या मशीनवर बसवलं आणि दोन मिनिटांत मला लोळवलं. दुसरा सामना सुरू व्हायच्या आधी पडदा काळा होऊन बसला. सीडी आत फिरत राहिली. "बघ. मारामारीत मधे थांबून चालत नाय. डोकं थंड व्हतं. गाडीला हे मशीन चांगलं. मधे थांबली तर पेट्रोल भरतोय समजायचं." मग सोळा बिटवर. खेळायच्या बटणांच्या त्या पट्टीला आम्ही सगळे रिमोट म्हणायचो. सोळा बिटच्या रिमोटला सहा बटणं होती, तीन ठोशांची, तीन लाथांची. कॅसेट खोचली की गेम लगेच सुरू. तिथं तिनं मला पाच वेळा मारलं, आणि पाचव्यांदा माझा माणूस पडद्यावर रक्त ओकत असताना शांतपणे म्हणाली, "मारामारीला सोळा बिट. उड्या मारायला आठ बिट, बटण दाबलं का माणूस उडाला, विचार नाय करत. बंदुकीला पण आठ बिटच. आता परत नको सांगू."

मी परत कधी सांगितलं नाही. ती बरोबर होती, हे मला हळूहळू कळलं. ट्रकवाले, कंडक्टर, कॉलेजची पोरं, नवीन पनवेलला राहणारा एक बँकेतला क्लार्क, सगळे तिच्या शब्दावर आपापल्या मशीनवर बसायचे. क्लार्क रोज फक्त गाडी चालवायचा, टायसुद्धा सैल न करता.

गाळ्याचा एकच नियम होता. मारायचं ते पडद्यात. "इथं मारलं तर सुजत नाय," ती म्हणायची. एकदा दोन रिक्षावाले हरण्या-जिंकण्यावरून भांडले. एकानं दुसऱ्याच्या तोंडावर रिमोट फेकून मारला, दात पडला. दुसऱ्यानं त्याची कॉलर धरून डोकं भिंतीवर आपटलं. मावशी उठली, दोघांच्या मधे गेली आणि दोघांना उजव्या हातानं एकेक अशी थोबाडीत दिली, की माझ्या दुकानात ऐकू आलं. मग खाली वाकून तिनं दात उचलला, ज्याचा होता त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "उद्या ये. आज डॉक्टरकडं जा." दुसऱ्या दिवशी दोघंही आले.

मनगटाबद्दल तिनं मला एकदाच सांगितलं. मी तिचा स्टॅबिलायझर दुरुस्त करत होतो.

"नवऱ्यानं मोडलं. होडीच्या इंजिनाचं हँडल मारलं. तो रोज नाय मारायचा. पण मारायचा तेवा बघून मारायचा." तो आता कुठे आहे, मी विचारलं. "वसईकडच्या बोटींवर गेला. चार वर्सं झाली. नाय आला तर बरं."

तो आला. मार्चमधली दुपार होती, चारचा सुमार. मी सोल्डरिंग करत होतो. पलीकडे फट्‌कन आवाज झाला आणि मी लगेच ओळखलं, पिक्चर ट्यूब फुटली. ट्यूब फुटते तेव्हा काच आधी आत खेचली जाते आणि मग बाहेर उडते. तो आवाज मेकॅनिक विसरत नाही. मी तसाच उठून तिच्या दारात गेलो.

एक उंच, काळा, वाळलेला माणूस आत उभा होता. हातात इंजिनाचा मोठा पाना. सोळा बिटच्या टीव्हीचा त्यानं चुरा केला होता. मावशी त्याच्या समोर बसलेली, गालावर काचेचे बारीक ओरखडे.

"घरी चल," तो म्हणाला. "हा धंदा आता मी बघतो."

"तू जा," ती म्हणाली.

त्यानं पाना तिच्या जबड्यावर मारला. ती स्टुलावरून भिंतीवर गेली. त्यानं खांद्यावर मारला, मग बरगडीवर. प्रत्येक वेळी थोडं थांबून, जागा निवडून. आत सहाजण होते. एकही मधे पडला नाही. रिमोट सगळ्यांच्या हातात तसेच होते. क्लार्क माझ्या काखेखालून बाहेर सटकला. त्याच्या टीव्हीवर गाडी कठड्याला घासत एकटीच पुढे चालली होती. मी दारात उभा होतो. पंचवीस पावलांवर एसटीचा चौकीदार होता. मी त्याला हाक मारली नाही.

चौथा घाव घालायला त्यानं पाना वर नेला तेव्हा मावशीचा हात फुटलेल्या टीव्हीच्या स्टॅबिलायझरवर पडला. लोखंडी पेटी, आत तांब्याच्या तारेचा ट्रान्सफॉर्मर, वजनाला दगडासारखी. तिनं ती वायरीसकट उपसली आणि त्याच्या गुडघ्यावर हाणली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. तो वाकला. तिनं खांद्यावर दुसरी हाणली, तो पडला. पडल्या पडल्या तो पाना घट्ट धरून कोपरावर उठायला लागला, आणि तिनं तिसरी त्याच्या त्या हातावर घातली. बोटं पान्याला चिकटून चेंदली. मग तिनं पेटी खाली ठेवली, तोंडातलं रक्त पदरात थुंकलं आणि गाडीचा टीव्ही बंद केला.

पोलीस आले. हवालदारानं माझा जबाब घेतला. मी सांगितलं, "आवाज ऐकून आलो, तेव्हा तो खाली पडलेला होता."

मी हे का सांगितलं, ते मला तेव्हाही माहीत होतं. आधीपासून होतो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही काय केलंत?

बाकीच्या सहाजणांनी तर आपण तिथे नव्हतोच असं सांगितलं. नवऱ्याचा गुडघा गेला, उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली. त्याच्या बाजूनं तक्रार झाली की बायकोनं पडलेल्या माणसाला ठेचलं. गुन्हा मावशीवर दाखल झाला. जामिनावर सुटून ती परत आली तेव्हा जबडा तारेनं बांधलेला होता. ती माझ्या दारात उभी राहिली आणि दातांतल्या दातांत म्हणाली, "तू पैल्यापासून व्हतास."

मी हातातली तार सोलत राहिलो.

"मना ठाव हाय," ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर सात-आठ महिने ती माझ्याशी बोलली नाही. भिंतीपलीकडून आठ बिटच्या उड्यांचा आवाज यायचा, तेवढाच.

खटला उभा राहायच्या आधी नवऱ्याचा भाऊ आणि आणखी एकजण माझ्या दुकानात आले. भर दुपारी, शटर अर्धं ओढून. भाऊ शांतपणे बोलला. "जबाबात हाय तेच कोर्टात बोलायचं." मग दुसऱ्यानं माझा हात टेबलावर दाबून धरला आणि भावानं स्टँडवरचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवलं. मी ओरडलो. भिंत एकाच विटेची होती. शटर वर गेलं आणि मावशी उभी, हातात मासळीची जुनी कोयती. डाव्या हातात नाही, उजव्या. "सोडा," एवढंच म्हणाली. तिनं काय केलेलं आहे हे त्या दोघांना माहीत होतं. ते गेले.

तिनं बाहेरच्या कुंडीतली कोरफड कापली, गर काढला आणि माझ्या भाजल्या जागेवर बसवला. मग ती तिच्या गाळ्यात परत गेली. मला त्या दिवशी जे वाटलं ते दुखण्यापेक्षा वाईट होतं. माझा आवाज ऐकल्यावर ती शटर उचलून आत आली होती. मी तिच्या दारात उभा राहिलो होतो.

कोर्टात सरकारी वकिलांनी मला विचारलं, "तुम्ही पोहोचलात तेव्हा जखमी इसम खाली पडलेला होता?"

"नाही. मी आधी आलो होतो. त्यानं तिला तीनदा पान्यानं मारलं, ते मी पाहिलं."

वकिलांनी कागद वर केला. "जबाबात तुम्ही वेगळं सांगितलंय. तेव्हा खोटं बोललात की आता?"

"तेव्हा."

"का?"

"लाज वाटली म्हणून. मी दारात उभा होतो आणि काहीच केलं नाही."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. वकिलांनी कागद खाली ठेवला. "आरोपीनं तिसरा घाव घातला तेव्हा तो माणूस निःशस्त्र पडलेला होता, हे तरी खरं?"

"नाही. पाना त्याच्या हातात होता आणि तो उठत होता."

मावशी आरोपीच्या जागी उभी होती. इतक्या महिन्यांत तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. तिच्या पाहण्यात आभार नव्हते. एखादा खेळायला बसल्यावर त्याला काय जमतंय हे ती जशी बघायची, तशी बघत होती.

ती सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्या टेबलावर सोळा बिटचं मशीन आणून ठेवलं. आत काचा, सर्किटच्या पट्टीला तडा, कॅसेटची खाच वाकलेली. "बघ, जमतंय का."

मला नऊ दिवस लागले. सुरू झालं तेव्हा तिनं मला बसवलं आणि सलग चार वेळा मारलं. बांधलेला जबडा सुटला होता, पण एका बाजूला कायमचा उतरला होता, त्यामुळे ती हसते आहे की नाही ते कळायला मला थोडा वेळ लागला. हसत होती.

दशक संपत आलं तशी मशीन घरोघरी गेली. गिऱ्हाईक आटलं. गाळा सोडायचा ठरला तेव्हा तिनं सीडीचं मशीन त्या क्लार्कला देऊन टाकलं. त्यानं तिच्यासाठी साक्षसुद्धा दिली नव्हती. मी तसं बोललो. "गाडीच चालवतो तो," ती म्हणाली. "दुसरं त्याला काय येतं." बाकी सामान घेऊन ती भावाच्या गावी गेली. तीन वर्षांनी काविळीनं गेली. मला ते भावाकडून दोन महिने उशिरा कळलं. तिच्या दहाव्यालाही मी नव्हतो.

मला तिचा निघायचा दिवस आठवतो. गल्लीत टेंपो उभा होता. एकवीस इंची टीव्ही तेवढा राहिला होता. तिनं त्याच्या एका बाजूला हात घातला, मी अजून दुकानाच्या पायरीवर होतो.

"मेकॅनिक," ती म्हणाली, "धर की."

मी धावत गेलो आणि दुसऱ्या बाजूनं धरला. आम्ही दोघांनी तो उचलला, टेंपोच्या फळीवर चढवला आणि ती त्याला टेकून बसली. टेंपो उरण नाक्याकडे वळला.