द्राक्षांच्या टाकीत आत्याबाई

लग्न होऊन मी शिरूरहून दौंडला आले, तेव्हा आम्ही रेल्वेच्या क्वार्टरात राहत होतो. यजमान पार्सल ऑफिसात कारकून आणि मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला घरात कांदासुद्धा चिरायचा नाही. शेजारून अंड्याचा वास आला तरी खिडकी लावून घ्यायच्या.

कुंपणापलीकडे गोव्याकडचं एक ख्रिस्ती जोडपं राहायचं. नवरा इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या घरात आजोबांपासून द्राक्षांची लाल वाइन करायची रीत होती. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक सिमेंटची टाकी आणि दोन लाकडी पिंपं, एवढाच कारखाना. तयार झालेली वाइन आसपासच्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी जायची. त्यासाठी सरकारी परवाना होता, तरी ते दारूबंदीचे दिवस. आमच्या घरी त्या शेडचं नावही कुणी मोठ्यानं घेत नसे.

फाल्गुनातला शनिवार होता. सकाळची शाळा सुटून मी घरी आले, तर दार उघडं आणि आत्याबाई घरात नाहीत. कुंपणापलीकडून दोन बायकांचं हसणं ऐकू आलं. मी वाकून पाहिलं आणि हातातली पिशवी तिथंच गळाली. आत्याबाई लुगड्याचा काचा वर खोचून त्या टाकीत उभ्या होत्या. मनमाडच्या गाडीनं आलेली काळी द्राक्षं त्या पायांनी तुडवत होत्या. गुडघ्यांपर्यंत पाय जांभळे झाले होते. शेजारच्या बाई टाकीच्या कडेला बसून त्यांचा हात धरून होत्या.

आत्याबाईंनी मला पाहिलं.

"हिच्या मालकाचं गुडघं धरल्यात," त्या म्हणाल्या. "द्राक्षं नासून चालली व्हती. आन् पायच बुडाल्यात माझं, तोंड न्हाई."

संध्याकाळी मी घाबरत यजमानांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. पोलिसांनी पाहिलं तर नोकरी जाईल, असं ते म्हणत राहिले. आत्याबाई पाय घासत बसल्या होत्या, त्यांनी वर बघितलंही नाही. आठ-दहा दिवस तो रंग निघाला नाही. देवळात त्या निऱ्यांनी पाय झाकून बसायच्या.

वाइन पिंपात मुरत राहिली. पिंप उघडलं की ज्यांनी द्राक्षं तुडवली त्यांना पहिला पेला द्यायचा, अशी त्या घराची रीत होती. तो पेला ड्रायव्हरसाहेब स्वतःच्या हातानं भरून द्यायचे. पण त्या वर्षी पिंप उघडायच्या आधीच, पौषात, अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या ते गेले. सकाळी त्यांनी आमच्याकडून वर्तमानपत्र नेलं होतं.

माती देऊन आल्यावर त्यांच्या ओसरीवर माणसं जमली. पाद्री, रेल्वेतले जुने सोबती, आणि एका कडेला आम्ही तिघं. बाई मागच्या शेडमध्ये गेल्या, पिंप उघडलं आणि पेला भरून घेऊन आल्या. वाइन इतकी गडद की पेल्यातून पलीकडचं काही दिसत नव्हतं. त्या सगळ्यांना ओलांडून सरळ आत्याबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. पेला त्यांच्यापुढं धरला.

मला वाटलं, आत्याबाई पेल्याला हात लावून नमस्कार करतील आणि मागं सरतील. यजमानांनाही तेच वाटलं असणार. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी गळ्यातली माळ काढली, माझ्या ओंजळीत ठेवली, आणि पेला घेऊन तोंडाला लावला.

यजमान भिंतीला टेकले. आत्याबाईंनी पेला रिकामा केला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "लई तुरट हाय." मग बाईंना जवळ घेऊन खाली बसल्या. तेव्हा कुठं बाईंना रडू फुटलं. नवरा गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

घरी आल्यावर यजमान कितीतरी वेळ नुसते येरझाऱ्या घालत होते. शेवटी म्हणाले, "आई, हे काय केलंस तू?"

"तिनं समद्या लोकांम्होरं पेला आनला," आत्याबाई म्हणाल्या. "मी न्हाई म्हनले असते, तर ती तसाच घेऊन कुठं जानार व्हती?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवळातल्या बुवांना स्वतःच सगळं सांगितलं. बुवा संतापले. वर्षभर माळ घालायची नाही म्हणाले. आत्याबाईंनी ते निमूट ऐकलं. त्यांचा रिकामा गळा पाहून गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या. कुणी तोंडावर विचारलंच, तर त्या काहीही न लपवता सांगायच्या, आणि विचारणारीच गोरीमोरी व्हायची.

उन्हाळ्यात बाई भावाकडं गोव्याला निघून गेल्या. टाकी फोडली, पिंपं कुणीतरी नेली. वर्ष सरल्यावर आत्याबाई त्या बुवांकडं गेल्या नाहीत. माहेरी भांडगावला गेल्या आणि तिथल्या आप्पा नावाच्या म्हाताऱ्या वारकऱ्यांकडून माळ घालून आल्या. मी विचारलं, "आप्पांना सांगितलंत का सगळं?"

"सांगितलं की," त्या म्हणाल्या. "त्यांनी इचारलं, त्या बाईचं पुढं काय झालं म्हनून."